ग्रास कटरची दोरी भरताना

गणपती गेले की आमच्या राजापूरकडे बागांतून बेणणी, म्हणजे गवत काढणं, सुरू होते. गवत कमरेला लागलेलं असतं आणि मोहोर यायच्या आत कलमांखालची जागा मोकळी व्हायला हवी असते. गेली सात वर्षं आमच्या बागेतलं हे काम मी ग्रास कटरने करते. त्यात नायलॉनची दोरी गरगर फिरून गवत कापते. दोरी संपते ती नेमकी अर्ध्या कामात. मग घाईघाईत ती कशीतरी गुंडाळली जाते आणि दहा मिनिटांत पुन्हा अडकते. बहुतेक वेळा त्यात मशीनचा काही दोष नसतो, दोरी सैल गुंडाळलेली असते. म्हणून मी कशी भरते ते सविस्तर सांगते.

तयारी आदल्या रात्रीच करायची. लागेल तेवढी दोरी बादलीत भिजत घाला. नायलॉन पाणी शोषून घेतं. माळ्यावर चुलीच्या धगीला पावसाळ्याआधीपासून पडलेली दोरी कोरडी होऊन काडीसारखी मोडते, भिजली की तीच लवचीक होते. पहिल्या वर्षी मी कोरडीच भरली होती. गडग्याच्या चिऱ्याला लागली की तुटायची, एका सकाळीत तीनदा हेड, म्हणजे दोरीचं रीळ असलेला खालचा गोल डबा, उघडावं लागलं. तेव्हापासून बादली चुकवलेली नाही.

जाडी हेडवर किंवा मशीनच्या पुस्तिकेत लिहिलेली असते. माझ्या मशीनला २.४ मिलिमीटर लागते. परसातल्या विजेच्या लहान मशीनला साधारण १.६ मिलिमीटरची चालते. गवत दाट आहे म्हणून सांगितल्यापेक्षा जाड दोरी घालू नका. ती भोकातून नीट सरकत नाही आणि इंजिनावर नाहक ताण येतो. तार तर कधीच लावायची नाही. तिचा तुकडा तुटला तर गोळीसारखा सुटतो.

आता हेड. इंजिन बंद करा, गार होऊ द्या आणि प्लगची टोपी काढून ठेवा. गिअरबॉक्सही चांगलाच तापलेला असतो, हात जपा. मशीन आडवं ठेवून हेडखाली गोणपाट अंथरा. बाजूच्या दोन खिट्ट्या दाबल्या की झाकण निघतं आणि आतली स्प्रिंग टुणकन बाहेर उडते. गवतात पडलेली स्प्रिंग सापडत नाही, गोणपाटावर लगेच दिसते. रीळ काढा, जुनी दोरी सोडवा, आत साचलेला गवताचा हिरवा चिकटा फडक्याने पुसून घ्या. भोकांतल्या धातूच्या कड्या झिजून धारदार झाल्या असतील तर बदला, नाहीतर नवी दोरी तिथेच कापली जाते.

पाच-सहा मीटर दोरी कापा. मधोमध दुमडा, पण एक टोक दुसऱ्यापेक्षा वीतभर लांब राहू द्या. दुमडलेला भाग रिळाच्या मधल्या खाचेत अडकवा. रिळावर बाण कोरलेला असतो. गुंडाळायचं ते त्या बाणाच्याच दिशेने. उलट गुंडाळली तर सगळी मेहनत वाया जाते.

खरं काम इथे आहे. रिळाला मधे पडदा असेल तर एक पदर पडद्याच्या या बाजूला, दुसरा त्या बाजूला. दोन्ही पदर बोटांत वेगळे धरा आणि ओढून, ताण देत फिरवा. लुगड्याच्या निऱ्या बसतात तसे वेढे शेजारी शेजारी बसले पाहिजेत. एक थर भरला की दुसरा त्यावर. एखादा वेढा दुसऱ्यावर आडवा चढला तर तेवढा उलगडून पुन्हा घ्या, कंटाळा करू नका. मशीन फिरताना सैल वेढे एकमेकांवर घासतात, तापतात आणि वितळून चिकटतात. अशी दोरी हातात घेऊन पाहिली तर दोन पदर मेणासारखे एकजीव झालेले दिसतात. मग दोरी पुढे यावी म्हणून हेड जमिनीवर कितीही आपटा, ती येत नाही. रीळ काठोकाठही भरू नका, कडेपर्यंत अर्धं बोट जागा राहू द्या.

वीतभर दोरी उरली की दोन्ही टोकं कडेच्या समोरासमोरच्या खाचांत अडकवा. स्प्रिंग जागेवर ठेवा, टोकं दोन भोकांतून बाहेर काढा, रीळ आत दाबा आणि दोन्ही टोकांना एकदम झटका द्या. टोकं खाचेतून सुटतात. झाकण लावताना दोन्ही खिट्ट्यांचा ‘टक’ आवाज ऐकल्याशिवाय मशीन उचलू नका.

काही नव्या हेडना उघडावंच लागत नाही. दोरी आरपार घालून दोन्हीकडे सारखी करायची आणि खालची चकती बाणाच्या दिशेने फिरवत राहायची. नवीन हेड घेणार असाल तर मी हेच घ्या म्हणेन.

प्लगची टोपी लावा, चष्मा घाला, मशीन सुरू करा आणि हेड मऊ जमिनीवर हलकेच टेकवा. दोरी थोडी बाहेर येते, जास्तीची गार्डमधलं पातं कापून टाकतं. कातळावर आपटलं तर खालचं बटण फुटतं.

लहान कलमांच्या बुंध्यापाशी मात्र मशीन नेऊ नका. दोरी कोवळी साल सोलते आणि साल चहूबाजूंनी गेली की झाड वाळतं. तिथलं हातभर गवत मी कोयत्यानेच काढते. गोठ्यातल्या गाईसाठीचं गवतही कोयत्यानेच, कारण मशीनने कापलेल्या गवतात दोरीचे बारीक तुकडे मिसळलेले असतात आणि ते तिच्या पोटात जाता कामा नयेत.