न सांगता भाडं वाढवलं? उत्तर पाठवण्याआधीची तयारी

महिना संपायला दोन दिवस असताना "पुढच्या महिन्यापासून 18,000 नाही, 20,500 पाठवा" असा मालकाचा मेसेज आला, तर लगेच काहीही उत्तर देऊ नका. अंगठाही पाठवू नका. "बघतो", "थोडं कमी करा ना", "पुढच्या महिन्यापासून देतो" ही वाक्यं नंतर वाढ मान्य केल्याचा पुरावा म्हणून समोर येतात. एक दिवस गेला तर काही बिघडत नाही. आधी करार काढा.

महाराष्ट्रात बहुतेक घरं लीव्ह अँड लायसन्सवर (म्हणजे ठरावीक मुदतीसाठी, दर महिन्याच्या शुल्कावर राहण्याच्या परवानगीच्या करारावर) असतात, तेव्हा आधी त्याचंच पाहू. एजंटने पाठवलेला कच्चा मसुदा उपयोगाचा नाही. नोंदणी झालेली प्रत आणि सोबतची सूची क्रमांक 2 (इंडेक्स 2, नोंदणी कार्यालयाचा उतारा) हवी. त्यात मुदत कधी संपते, दर महिन्याचं शुल्क किती, वाढीचं कलम आहे का, नोटीस कोणत्या पत्त्यावर पाठवायची, एवढं वाचा. दोन-तीन वर्षांच्या करारांत "दुसऱ्या वर्षी 10 टक्के वाढ" असं बरेचदा आधीच लिहिलेलं असतं. तसं असेल तर तो मेसेज म्हणजे फक्त आठवण. वाढीव पैसे भरा आणि वाद घालू नका. असं कलम नसेल, तर मुदत चालू असताना मालकाला एकट्याला रक्कम बदलता येत नाही. करार दोघांनी केला, बदलही दोघांच्या संमतीनेच होतो. आणखी एक घोटाळा नेहमी होतो: "एक महिन्याची नोटीस" हे कलम घर सोडण्या-सोडवण्याचं असतं, भाडं वाढवण्याचं नव्हे. मालक तेच दाखवून वाढ मागत असेल तर ते कलम मोठ्याने वाचून दाखवा.

मुदतीची तारीख मात्र नीट बघा. करार संपून गेला असेल आणि तुम्ही तसेच राहत असाल, तर बाजू तुमची राहत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 प्रमाणे मुदतीनंतर घर न सोडणाऱ्याकडून शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. तिथे कायद्याची भाषा बोलू नका, नव्या कराराचं बोला.

आता जे हमखास राहतं ते. जुनी रक्कम ठरलेल्या तारखेला भरा, आणि पैसे कशाचे ते भरतानाच लिहा. पहिला अर्धा भाग सगळ्यांना माहीत असतो, दुसरा सुटतो आणि तोच अंगाशी येतो. भारतीय करार कायद्याची कलमं 59 आणि 60 यासाठी वाचण्यासारखी आहेत. देणाऱ्याने पैसे कोणत्या देण्यापोटी आहेत ते सांगितलं आणि घेणाऱ्याने ते स्वीकारले, तर ते त्याच देण्यात जमा धरावे लागतात. सांगितलं नाही आणि इतर कशावरूनही ते कळत नसेल, तर घेणारा ते कुठल्याही कायदेशीर देण्यात वळवू शकतो. म्हणजे तुम्ही 18,000 पाठवले आणि शेरा रिकामा ठेवला; तिकडे मालकाने त्यातले 1,400 थकलेल्या वीजबिलात टाकले आणि "मार्चचं भाडं पूर्ण आलं नाही" असं लिहून दिलं. वाढीचा वाद बाजूला राहिला, आता तुम्ही थकबाकीदार.

म्हणून यूपीआयवर पैसे टाकताना शेऱ्याची चौकट रिकामी सोडू नका. जागा थोडी असते, तेव्हा आटोपशीर लिहा: "मार्च भाडं पूर्ण, करारानुसार". नुसतं "भाडं" नको, महिना हवा. काही बँकांच्या स्टेटमेंटमध्ये हा शेरा अर्धवट छापला जातो, म्हणून पैसे गेल्यावर लगेच मालकाला मेसेज करा: रक्कम, महिना, व्यवहार क्रमांक. वीजबिल, मेंटेनन्स, पाण्याचे पैसे वेगळ्या व्यवहाराने पाठवा, एकाच रकमेत मिसळू नका. भाडं आपोआप जाण्याची सोय बँकेत लावली असेल तर हा वाद मिटेपर्यंत ती बंद करा, कारण तिथे दर महिन्याचा शेरा बदलत नाही. भाऊ किंवा नवरा आपल्या खात्यातून भरत असेल तर शेऱ्यात करारातलं नावही यायला हवं. रोख देऊच नका. द्यावीच लागली तर पावतीवर महिना लिहून घेतल्याशिवाय नोटा हातातून सोडू नका. पावती देणं ही भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 26 प्रमाणे मालकाची जबाबदारी आहे (पुढची कलमंही त्याच कायद्याची).

वाढीव रक्कम "या एकाच वेळी, भांडण नको म्हणून" पाठवायची नाही. चिडून भाडं थांबवायचंही नाही. "डिपॉझिटमधून कापून घ्या" असं लिहायचं तर अजिबात नाही. मालक ते मान्य करेपर्यंत तुमच्या नावावर थकबाकीच दिसते.

उत्तर लेखी द्या, लहान ठेवा. असं पुरेल: "अमुक तारखेच्या नोंदणीकृत करारानुसार, दस्त क्रमांक अमुक, मासिक शुल्क 18,000 रुपये असून मुदत अमुक तारखेपर्यंत आहे. मुदतीत वाढीची तरतूद नाही. तुमच्या मेसेजमधील वाढ मला मान्य नाही. मी करारातील रक्कम वेळेवर भरत राहीन. पुढील करारासाठी बोलण्यास तयार आहे." मालकाने दुसऱ्या भाडेकरूंना काय केलं, गळकी भिंत, लिफ्ट, हे इथे घुसडू नका. करारात दिलेल्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा, काउंटरवर पोच मागा, पत्राची सही केलेली प्रत आणि पोस्टाची पावती एकत्र ठेवा. त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर फोटोही पाठवा. चॅटमध्ये मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल तर ती आधी बंद करा. स्क्रीनशॉटवर विसंबू नका, पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा आणि तो फोन विकू नका. मालक फोनवर बोलला तर त्याच संध्याकाळी "आज आपलं असं बोलणं झालं" एवढं लिहून पाठवा.

करार नोंदवलेलाच नसेल तर घाबरू नका. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. कलम 55 प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि तसा करार नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. अर्थात ते म्हणणं टिकायला आजवर भरलेल्या भाड्याचा माग लागतो. महिन्याच्या शेऱ्यासकट.

पगडीच्या (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन कमी भाड्याने घेतलेल्या) किंवा जुन्या भाड्याच्या घराचं गणित वेगळं. तिथे कलम 11 प्रमाणे वाढ वर्षाला 4 टक्के. 600 रुपये भाड्यावर 24 रुपये. दुरुस्ती आणि करांपोटीची वाढ निराळी, पण तिचा हिशेब लेखी मागा. मालक भाडं घेत नसेल तर मनीऑर्डर करा आणि नकाराचा शेरा घेऊन परत आलेला कागद जपा. थकबाकीच्या कारणावरून घर खाली करण्याचा दावा लावण्याआधी लेखी मागणी आणि त्यानंतर 90 दिवस जावे लागतात. हे संरक्षण भाडेकरूला आहे, लायसन्सवर राहणाऱ्याला नाही. दोन्हींची गल्लत करू नका.

भाडेकरूचं पाणी किंवा वीज सबळ कारणाशिवाय तोडायला कलम 29 ची मनाई आहे. तोडलीच तर: मीटरचा व्हिडिओ, तारीख, पोलिसांत लेखी तक्रार.

कोर्टाची वेळ आलीच तर मुंबईत लघुवाद न्यायालय, जिथे ते नाही तिथे दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

नवा करार करताना वाढ किती टक्के, कोणत्या महिन्यापासून, किती दिवस आधी लेखी कळवायची, हे तिन्ही लिहून घ्या. पहिल्या महिन्याचं भाडं भरताना शेऱ्यात महिना लिहा.