आपल्याच हातावर रक्तवाहिन्या कशा ओळखाव्यात

इंदूरला रामबागेजवळच्या लॅबमध्ये मी रक्ताचे नमुने घेते आणि नव्या मुलींना तयारही करते. डिसेंबरातल्या थंडीत "ताई, शीर सापडत नाहीये" हे रोज ऐकू येतं. अशा वेळी मी म्हणते, पुस्तक मिटा आणि स्वतःचा हात पुढे करा.

आधी मनगट. अंगठ्याच्या बाजूला, हाडाजवळ तर्जनी आणि मधलं बोट हलकेच टेकवा. अंगठा वापरू नका, त्याचाच ठोका जाणवून घोटाळा होतो. बोटाखाली उडते ती धमनी. हृदयाचा दाब थेट हिच्यावर येतो, म्हणून हिच्या भिंतीतला मधला थर जाड असतो; त्यात स्नायू आणि लवचिक तंतू असतात. ठोक्यासरशी ती ताणते, मग आकसून रक्त पुढे ढकलते.

आता शीर. दंडाला पट्टा बांधा, फार आवळू नका, आणि हात खाली सोडा. कोपरापुढच्या भागात शिरा फुगतील. त्यांत मध्ये मध्ये गाठीसारखे उंचवटे दिसतील. तिथे झडपा आहेत. एका उंचवट्याच्या बरंच खाली, मनगटाच्या बाजूला, शिरेवर बोट दाबून धरा. दुसऱ्या बोटाने रक्त वरच्या दिशेला, त्या उंचवट्यापलीकडे सारा. मधला भाग रिकामाच राहतो, कारण झडप रक्त मागे येऊ देत नाही. खालचं बोट उचलताच शीर खालून भरते. इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वे यांनी १६२८ साली हाच प्रयोग छापून रक्त शिरांतून हृदयाकडेच जातं हे दाखवलं. मला आजही तो करून दाखवताना आनंद होतो. लक्षात ठेवा, मिनिटाच्या आत पट्टा सोडायचा.

शिरेतला दाब कमी असतो, म्हणून भिंत पातळ आणि पोकळी मोठी. विश्रांतीत शरीरातलं निम्म्याहून जास्त रक्त शिरांमध्येच असतं.

धमनीतून शिरेत रक्त जातं कसं, ते हार्वेंना दिसलं नव्हतं. इटलीचे डॉक्टर मार्चेलो माल्पिगी यांनी १६६१ साली बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून केशवाहिन्या, म्हणजे धमन्या आणि शिरांना जोडणाऱ्या अगदी बारीक नळ्या, पाहिल्या. तोवर हार्वे हयात नव्हते. केशवाहिनीची भिंत पेशींच्या एकाच थराची, म्हणून ऑक्सिजन आरपार जातो. नख दाबून सोडा: पांढरं पडलेलं नख साधारण दोन सेकंदांत गुलाबी होतं, ते याच जाळ्यामुळे.

"धमनीत शुद्ध रक्त" असं पाठ करू नका. फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत ऑक्सिजन कमी असतो. हृदयाकडून निघते ती धमनी, हृदयाकडे येते ती शीर, एवढं पक्कं धरा.

थंडीत कातडीखालच्या शिरा आकसतात. हात कोमट पाण्याने शेका, थोडा वेळ खाली लोंबकळू द्या, मग डोळ्यांपेक्षा बोटावर विसंबा: मऊ, दाबल्यावर परत उसळणारी ती शीर. कोपराच्या घडीत ठोका लागला तर सुई तिथे लावायची नाही. आत धमनी आहे. दुसरी शीर शोधा.