'पर्यंत', 'पासून' आणि पाहुण्यांना लिहायचे मेल

गोव्यात कळंगुट-कांदोळी पट्ट्यात हॉटेलच्या रिझर्व्हेशन डेस्कवर बरीच वर्षं काढली. ऑक्टोबरात सीझन लागायच्या आधी नवी मुलं रुजू होतात. बरीचशी पेडणे, डिचोली, सत्तरीकडची. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी. बोलायला बिनधास्त, पण इंग्रजीत मेल लिहायचा म्हटलं की अडतात. स्पेलिंग कॉम्प्युटर सांभाळतो. घोळ होतो तो बारक्या शब्दांत, आणि तो बहुतेक वेळा मराठीतूनच आलेला असतो.

'पर्यंत'चंच घ्या. 'शुक्रवारपर्यंत पैसे भरा' आणि 'शुक्रवारपर्यंत राहा', आपलं दोन्हीकडे एकाच शब्दावर भागतं. इंग्रजीत तसं चालत नाही. मुदतीच्या आत एकदा उरकायचं काम असेल तर 'बाय फ्रायडे', तोवर चालूच राहणारं असेल तर 'अन्टिल फ्रायडे'. चेकआउटच्या सूचनेत दोन्ही लागतात: खोली 'अन्टिल इलेव्हन' पाहुण्याची, चावी मात्र 'बाय इलेव्हन' काउंटरवर. 'प्लीज पे टिल फ्रायडे' वाचून पाहुण्याला वाटायचं, रोज थोडे थोडे भरायचेत की काय!

'पासून'चीही तीच गत. सुरुवात कधीची ते सांगायचं तर 'सिन्स २०२३', किती काळ ते सांगायचं तर 'फॉर टू इयर्स'. नोकरीच्या अर्जांत 'आय ॲम वर्किंग सिन्स टू इयर्स' हमखास सापडतं. तिथे 'आय हॅव बीन वर्किंग फॉर टू इयर्स' हवं.

बाकीचं पाठच करावं, पण पुढच्या शब्दासकट. 'लुकिंग फॉरवर्ड टु'नंतर 'वेलकमिंग यू', नुसतं 'वेलकम' नाही. 'डिस्कस'ला 'अबाउट' नको, 'कोप'ला 'अप' नको.

'रिव्हर्ट'बद्दल माझं मत जरा वेगळं आहे. मुंबईच्या एजंटाला 'आय विल रिव्हर्ट' लिहिलंत तर काही बिघडत नाही, त्याला उत्तर देणार हे बरोबर कळतं. इंग्लंडच्या पाहुण्याच्या लेखी मात्र त्याचा अर्थ पूर्वीच्या स्थितीला परत जाणं. त्याला 'रिप्लाय'च लिहा. 'डू द नीडफुल' (आवश्यक ते करावे) तर मूळचं ब्रिटिशांचंच; त्यांनी ते जवळपास टाकलं, आपण अजून सांभाळून आहोत. सरकारी अर्जात असू द्या, पाहुण्याला नेमकं काय करायचं ते सांगा.

मेलच्या शेवटी 'काइंड रिगार्ड्स' पुरे. पण 'विथ रिगार्ड टु युअर बुकिंग'मधल्या 'रिगार्ड'ला 'स' लावू नका. ते भले भले लावतात.