इंग्रजी वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल: सवय अशी लावा

मराठी शाळेतलं मूल इंग्रजी वाक्य स्मॉल अक्षराने सुरू करतं, तेव्हा लगेच रागावू नका. देवनागरीत कॅपिटल-स्मॉल असा भेदच नाही. ‘आई’ वाक्यात कुठेही आली तरी तशीच दिसते. त्याच्यासाठी हा नियम अगदी नवा आहे.

आधी वाक्य कुठे संपतं ते कळू द्या. तीन-चार छोटी वाक्यं मोठ्याने वाचायला सांगा, पूर्णविराम आला की एक टाळी. टाळीनंतरच्या अक्षराला लाल पेन्सिलीने गोल करायचा. चार-पाच दिवस एवढंच, लिहिणं नंतर.

खरी गडबड सी, ओ, एस, डब्ल्यू या अक्षरांत होते. त्यांचं कॅपिटल आणि स्मॉल रूप सारखंच, फरक फक्त उंचीचा. एकरेघी वहीत तो दिसतच नाही, म्हणून चाररेघी वही घ्या. कॅपिटल अक्षर वरच्या रेघेला टेकलं पाहिजे, हे मुलाला बोट ठेवून दाखवा. सुरुवात मात्र ए, टी, एम यांनी करा. त्यांचा आकारच बदलतो, त्यामुळे चूक मुलाला स्वतःलाच दिसते.

आणि तपासताना चुकलेलं अक्षर तुम्ही दुरुस्त करू नका. ‘या ओळीत एक अक्षर उभं राहायचं राहिलंय’ एवढंच म्हणा, ते शोधेल.