मेल सर्व्हरचा बॅकअप: कुपवाड एमआयडीसीतले माझे उद्योग

नवीन पोरगं जॉईन झालं की पहिल्या आठवड्यात विचारतंच, दादा बॅकअपला कुठलं सॉफ्टवेअर टाकू. मी म्हणतो सॉफ्टवेअर राहू दे बाजूला, आधी आपल्या सर्व्हरवर मेल कसे साठवलेत ते बघून ये. जाऊन येतं आणि म्हणतं फोल्डर आहेत. फोल्डर तर असणारच की रे बाबा!

मी २०१७ साली सांगलीजवळच्या कुपवाडच्या एका कंपनीत सिस्टीम ॲडमिन म्हणून लागलो, म्हणजे ऑर्डरवर तसं लिहिलेलं, बाकी प्रिंटरात अडकलेला कागद काढण्यापासून गेटवरच्या पंचिंग मशीनपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. साठ-बासष्ट मेलबॉक्स, लिनक्सवर मेलची ने-आण करणारा पोस्टफिक्स आणि मेलबॉक्स सांभाळणारा डोव्हकॉट, डेटा चारशे जीबीच्या आसपास. माझ्या आधीच्यानं एक स्क्रिप्ट लावून ठेवलेली, रोज रात्री नऊला सगळ्या मेलचं गाठोडं बांधून एकच टार फाईल. रोज, आणि सगळाच्या सगळा डेटा. सकाळी साडेनऊला लोक कामावर आले तरी टार चालूच, आणि अकाउंट्सच्या मॅडम खुर्चीतनंच ओरडायच्या, "अहो, आउटलुक परत गोल फिरतंय बघा!"

एके दिवशी बसून मोजलं की चोवीस तासांत खरं बदलतंय किती. दीड जीबीसुद्धा भरत नव्हतं. म्हणजे दीड जीबीसाठी आम्ही रोज चारशे जीबी उपसत होतो.

आता मेल साठवायच्या पद्धतीचं. एमबॉक्स पद्धत असेल तर एका फोल्डरचे सगळे मेल एकाच फाईलमध्ये असतात, एक मेल आला तरी पाच जीबीची फाईल बदलली असं धरलं जातं. मेलडिर पद्धतीत एक मेल म्हणजे एक फाईल, आणि आलेली फाईल आतनं कधी बदलत नाही, त्यामुळं चालू सर्व्हरवरनं कॉपी घेतली तरी फारसं बिघडत नाही. आमचं नशीब चांगलं, मेलडिर होतं. डोव्हकॉटची एमडीबॉक्स नावाची स्वतःची पद्धत असेल तर मात्र नुसती फाईल कॉपी करू नका, डोव्हकॉटच्याच डोव्हॲडम टूलची बॅकअप कमांड आहे ती वापरा. आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरवाल्यांचं तर वेगळंच गाव आहे, तिथं एक्स्चेंजला ओळखणाराच बॅकअप लागतो, नाहीतर ट्रान्झॅक्शन लॉग, म्हणजे झालेल्या बदलांच्या नोंदी, साफ होत नाहीत आणि एक दिवस डिस्क फुल्ल.

मी टार काढून आरसिंक नावाचं फाईली कॉपी करायचं टूल लावलं, लिंक-डेस्ट ऑप्शन देऊन. कालच्या बॅकअपमध्ये जी फाईल आहे तशीच आजही असेल तर ती परत कॉपी होत नाही, नुसती हार्डलिंक होते (त्याच फाईलला अजून एक नाव), म्हणजे प्रत्येक दिवसाचं फोल्डर उघडलं तर पूर्ण दिसतं पण जागा फक्त नवीन मेलची जाते. डोव्हकॉटच्या इंडेक्स फाईली वगळल्या, त्या तो परत बनवतो. आयओनाईस कमांड लावली म्हणजे डिस्कवर पहिला हक्क लोकांचा, बॅकअप उरलेल्या वेळात. बारा-तेरा तासांचं काम पाऊण तासावर आलं आणि मी आठवडाभर कॉलर ताठ करून फिरलो.

आठवडाभरच. झालं काय, बॅकअपसाठी बाजारातनं एक मोठी एक्स्टर्नल डिस्क आणलेली, तिच्यावर मी रोज मेलची एक साधी कॉपी काढायचो. डिस्क आली तशीच वापरली, एक्सफॅट फॉरमॅटची. पुढं २०१८ मध्ये परचेसच्या साहेबांकडनं एक अख्खा फोल्डर डिलीट झाला, सप्लायरच्या ड्रॉइंगसकट, ते दुपारी माझ्याकडं आले. त्या आठवड्यात मुख्य बॅकअपची मशीन दुरुस्तीला गेलेली. म्हणलं काळजी नको साहेब, डिस्क आहे. डिस्क जोडली, त्यांचा मेलबॉक्स उघडला तर आत सगळ्या जाहिराती. क्रेडिट कार्ड, सेमिनारची आमंत्रणं, बेअरिंगवर डिस्काउंट. कामाचा एक मेल नाही!

दोन तास डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. मेलडिरमध्ये आउटलुकसारख्या क्लायंटनं अजून न बघितलेला मेल न्यू नावाच्या फोल्डरमध्ये साध्या नावानं पडून असतो. क्लायंटनं तो बघितला की कर (cur) नावाच्या फोल्डरमध्ये जातो आणि नावाच्या शेवटी कोलन, दोन, स्वल्पविराम आणि मग खुणा लागतात, वाचलेल्याला एस, उत्तर दिलेल्याला आर. एक्सफॅटला फाईलच्या नावात कोलन चालत नाही. म्हणजे कुणी ढुंकूनही न बघितलेले मेल तेवढे नियमानं डिस्कवर जात होते आणि बाकी सगळे एरर देऊन मागंच राहात होते. आरसिंक बिचारं रोज २३ नंबरचा एक्झिट कोड (काही फाईली गेल्या नाहीत असा) देत होतं, ठरल्या वेळी कामं चालवणारं क्रॉन तो रिपोर्ट रूटच्या, म्हणजे ॲडमिनच्या, मेलबॉक्सला पाठवत होतं, आणि तो मेलबॉक्स कोण उघडणार, मीच. उघडला नव्हता. साहेबांनी शेवटी सप्लायरला फोन करून ड्रॉइंग परत मागवलं, मला काही बोलले नाहीत, पण चहाला हाक मारायचं महिनाभर बंद होतं.

डिस्क लिनक्सच्या ईएक्सटी४ फॉरमॅटची केली तेवढ्यावर ते सुटलं. पण ह्याच नाव बदलण्याचा दुसरा त्रास आहे, मेल वाचला की फाईलचं नाव बदलतं आणि आरसिंकला ती नवीनच फाईल वाटते, परत अख्खी कॉपी. म्हणून नंतर मी बोर्ग नावाच्या बॅकअप प्रोग्रॅमवर आलो. तो फाईलचे तुकडे करून ठेवतो आणि एकदा असलेला तुकडा परत साठवत नाही, मग नाव काहीही असू दे. शिवाय लाखो हार्डलिंकांचं जंजाळ सांभाळायचं काम गेलं.

मग २०१९ च्या ऑगस्टचा महापूर. बाहेरच्या जागी एक कॉपी असावी म्हणून मी ती डिस्क दर शनिवारी सांगलीच्या गणपती पेठेतल्या आमच्या ऑफिसात नेऊन ठेवायचो, तळमजल्यावर, कपाटाच्या खालच्या कप्प्यात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. कुपवाड उंचावर, सर्व्हरला थेंब लागला नाही, आणि आमची सुरक्षित कॉपी गाळात. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर हळदीच्या पोत्यांचा वास आणि चिखल. तेव्हापासून एक कॉपी विश्रामबागला दुसऱ्या मजल्यावर आणि एक एनक्रिप्ट करून क्लाउडवर, २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं तेव्हा निवांत होतो.

अजून सुटं सुटं सांगतो. रेड (एकच डेटा दोन डिस्कवर ठेवायची सोय) म्हणजे बॅकअप नव्हे, डिलीट केलेला मेल दोन्ही डिस्कवरनं एकदमच जातो. बॅकअपच्या मशीननं सर्व्हरवरनं डेटा ओढून घ्यावा, सर्व्हरला बॅकअपचा पासवर्ड देऊ नये, नाहीतर रॅन्समवेअर दोन्ही खातं. मेलबरोबर पोस्टफिक्स-डोव्हकॉटचं कॉन्फिग, एलियास (एका मेलबॉक्सचे जादा पत्ते), युजरची यादी आणि डीकेआयएमची की (मेल आपल्याच डोमेनचा आहे अशी सही करणारी) पण घ्या, ती की विसरलात तर नव्या सर्व्हरवरनं पाठवलेले मेल स्पॅममध्ये जाऊन बसू शकतात. सर्व्हर दिवसभर बंद पडला तरी घाबरून चुकीचं काही करू नका, बाहेरचे सर्व्हर परत परत प्रयत्न करतात, पोस्टफिक्स तर मूळ सेटिंगमध्ये पाच दिवस मेल रांगेत धरून ठेवतो.

आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी कुणाचा तरी एक जुना मेल परत काढून दाखवतो. कुठला ते मी ठरवत नाही, अकाउंट्सच्या मॅडम ठरवतात. मागच्या वेळी त्यांनी मुद्दाम तीन वर्षांपूर्वीचा दिवाळी बोनसचा मेल मागितला. अकरा मिनिटांत काढून दिला. त्यातली रक्कम वाचून त्या म्हणाल्या, हा नसता सापडला तरी चाललं असतं.