बॅकहोच्या हायड्रॉलिक तेलाच्या तापमानाचा काटा थेट लाल पट्ट्यात: माझा अनुभव

लक्षण असं: मागे बॅकहो (खोदणारा हात) लावलेल्या छोट्या ट्रॅक्टरचं इंजिन थंड, काम सुरू होऊन पाचच मिनिटं झालेली, आणि काटा एकदम लाल पट्ट्यात. बूम (त्या हाताचा मुख्य दांडा) एका बाजूला वळवली की काटा पुन्हा खाली. तेल खरंच तापलं तर काटा हळूहळू चढतो, अशा उड्या मारत नाही. हे मला उशिरा सुचलं.

तोवर तेल आणि फिल्टर बदलले, कूलरच्या जाळ्या धुतल्या, नवा सेन्सरही बसवला. फरक शून्य. डोकं पार फिरलं होतं.

शेवटी इन्फ्रारेड थर्मामीटर टाकीवर धरला: ५५ अंश. (८० च्या पुढे सतत राहिलं तर सील कडक होऊ लागतात, तेव्हा थांबायलाच हवं.) म्हणजे तेल ठीक, काटा खोटा.

मग बकेट जमिनीवर टेकवली, इंजिन बंद केलं, चावी ऑन ठेवली. एकतारी सेन्सरची (एकच वायर, परतीचा मार्ग चासीतून, म्हणजे मशीनच्या सांगाड्यातून) वायर काढली. काटा तळाला जायला हवा होता, तो लाल पट्ट्यातच राहिला. म्हणजे वायर वाटेत कुठेतरी चासीला टेकतेय. मीटरच्या मागची वायर काढल्यावर मात्र काटा पडला, म्हणजे मीटर चांगला. बूमच्या पिनजवळ होजखाली वायरचं आवरण घासून तांबं उघडं पडलं होतं. तेवढा तुकडा कापून नवी वायर जोडली, हीटश्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी नळी) चढवली, वळणावर थोडी सैल ठेवून होजपासून दूर क्लिप केली.

सेन्सरच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका; अर्थिंग तिथूनच मिळतं.