चिनी ज्येष्ठमध (गानत्साओ) घ्यायचं असेल तर: किती, किती दिवस आणि कोणी अजिबात नाही

चिनी वैद्यकातल्या काढ्यांचे घटक वाचत गेलात तर एक नाव पुन्हा पुन्हा भेटतं, गानत्साओ. आंतर मंगोलिया, निंगशिया, गान्सू, शिनजियांग अशा कोरड्या प्रदेशांत वाढणारी ही मुळी. इतर तीव्र औषधांना सौम्य करावं, खोकला शमवावा, पोटातली नि पायांतली पेटक्यांची वेदना कमी करावी म्हणून तिथले वैद्य ती शतकानुशतकं वापरत आले आहेत. आपल्या डब्यातलं ज्येष्ठमध हे तिचंच जवळचं भावंड. दोघांत गोडवा आणणारा मुख्य घटकही एकच, ग्लायसिऱ्हायझिन. त्यामुळे पुढे लिहिलेलं सगळं घरच्या ज्येष्ठमधालाही तितकंच लागू आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. ही मुळी गुणी आहे, पण ती मोजून आणि थोडेच दिवस घ्यायची. गोड लागते, साखर नको म्हणून रोजच्या चहात टाकायची ही वस्तू नव्हे.

पहिल्यांदा स्वतःकडे बघा

रक्तदाब जास्त असेल, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, रक्तात पोटॅशियम कमी असेल, तर ही मुळी पोटात घेऊ नका. गरोदरपणातही नको. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाच्या चघळायच्या गोड गोळ्या भरपूर खाल्ल्या जातात. तिथल्या अभ्यासांत गरोदरपणी त्या जास्त खाणाऱ्या आईंच्या मुलांच्या बौद्धिक वाढीवर परिणाम दिसला आणि तिथल्या सरकारी सल्ल्यात आता गर्भवतींना त्या टाळायला सांगतात.

मग औषधांची यादी काढा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, डिगॉक्सिन (हृदयाचं औषध), स्टेरॉइड, रक्तदाबाची औषधं यांपैकी काहीही चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ज्येष्ठमध घेता यावं म्हणून चालू गोळी बंद करणं हा तर विचारही नको.

मुळी ओळखून घ्या

चांगल्या गानत्साओच्या चकत्या तिरप्या कापलेल्या असतात. कडेला तांबूस-तपकिरी साल, आत पिवळसर तंतुमय गर, मधून कडेकडे जाणाऱ्या रेषा. मधात परतलेला प्रकारही मिळतो, तो गडद आणि हाताला चिकट लागतो. भुकटीपेक्षा काडी किंवा चकती घ्यावी. भुकटीत काय मिसळलंय ते डोळ्यांना कळत नाही, आणि ज्येष्ठमधाच्या नावाखाली गुंजेची मुळीही विकली जाते.

आता मात्रा, आणि इथे घाई करू नका

चिनी औषधसंहितेत दिवसाची मात्रा 2 ते 10 ग्रॅम दिली आहे. ती वैद्याने रोगी पाहून, ठरावीक काळापुरती द्यायची मात्रा आहे. त्याच संहितेनुसार मुळीत ग्लायसिऱ्हायझिक आम्ल (म्हणजेच ग्लायसिऱ्हायझिन) किमान 2 टक्के हवं. म्हणजे 5 ग्रॅम मुळीत निदान 100 मिलिग्रॅम. युरोपीय तज्ज्ञ समितीने सर्वसाधारण निरोगी माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा धरली ती हीच, 100 मिलिग्रॅम. आणि 2024 मध्ये स्वीडनच्या लिंकोपिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी तरुण, निरोगी लोकांना दोन आठवडे रोज एवढंच दिलं, तेव्हा तेवढ्यानेही रक्तदाब थोडा चढला.

म्हणून वैद्याच्या सल्ल्याशिवाय घेत असाल तर 2 ग्रॅमच्या पुढे जाऊ नये, असं मला वाटतं. चमच्याचा अंदाज फसवा असतो, छोटा वजनकाटा वापरा. बेरीजही करा: चिनी काढ्याची पुडी, आयुर्वेदिक खोकल्याचं सिरप, चघळायच्या गोळ्या, सगळ्यांत ज्येष्ठमध असू शकतं.

काढा

2 ग्रॅम चकत्या दीड कप पाण्यात अर्धा तास भिजवा. चिनी घरांत यासाठी मातीचं भांडं वापरतात, स्टीलचंही चालेल. मंद आचेवर पाणी निम्मं होईपर्यंत उकळा, गाळा, दिवसभरात दोनदा विभागून प्या.

तक्रार फक्त घशाची असेल तर पिऊच नका, गुळण्या करून थुंका. शस्त्रक्रियेत भूल देताना श्वासनलिकेत नळी घालतात, त्यानंतर घसा दुखतो. आधी ज्येष्ठमधाच्या गुळण्या केल्या तर हे दुखणं कमी होतं, असं अनेक चाचण्यांत दिसलं आहे. पोटात जवळजवळ काही जात नाही, त्यामुळे रक्तदाबाची भीतीही फारशी नाही. मला या मुळीचा सगळ्यात शहाणा वापर हाच वाटतो.

किती दिवस?

चार-पाच दिवस, फार तर आठवडा. कारण समजून घ्या. आपल्या मूत्रपिंडात एक एन्झाइम कॉर्टिसॉल या संप्रेरकाला निष्क्रिय करत असतं. ग्लायसिऱ्हायझिन ते एन्झाइम अडवतं. मग मोकळं सुटलेलं कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाचं काम करू लागतं: मीठ नि पाणी शरीरात साठतं, पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. रोज घेत राहिलात की हे वाढत जातं, आणि मुळी बंद केल्यावरही निवळायला काही आठवडे लागू शकतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या एका 54 वर्षांच्या माणसाने काही आठवडे रोज दीड पाकीट ज्येष्ठमधाच्या गोळ्या खाल्ल्या, पोटॅशियम घसरलं, हृदय बंद पडलं आणि तो दगावला. डॉक्टरांनी 2020 मध्ये ही हकिगत प्रसिद्ध केली.

आम्लपित्तासाठी काही जणांना जास्त दिवस घ्यायचं असतं. त्यांनी ग्लायसिऱ्हायझिन काढून टाकलेल्या, डीजीएल नावाने मिळणाऱ्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलावं.

काय दिसलं की थांबायचं

घोट्यावर बोट दाबल्यावर खळगा राहणं, अंगठी अचानक घट्ट होणं, डोकं जड होणं, हातपाय गळून जाणं, धडधड. पायांत गोळे येणं हे विशेष लक्षात ठेवा. चीनमध्ये नि जपानमध्ये याच मुळीचा काढा पायांत येणाऱ्या गोळ्यांवर देतात, त्यामुळे पोटॅशियम उतरल्याने आलेले गोळे पाहून माणूस मात्रा आणखी वाढवतो, आणि तिथेच प्रकरण हाताबाहेर जातं.

घरी यंत्र असेल तर सुरू करण्याआधी आणि मग रोज सकाळी रक्तदाब मोजून लिहून ठेवा. वरचं काहीही जाणवलं तर मुळी त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जा, आणि रक्तातलं पोटॅशियम तपासायचं का ते विचारा. धडधड किंवा भोवळ असेल तर वाट न पाहता थेट रुग्णालयात जा, तिथे ईसीजीही काढतील. सोबत मुळीचं पाकीट न्या. 'घरगुती काढा घेतला' एवढंच सांगितलंत, तर समोरच्याला ज्येष्ठमध सुचेलच असं नाही.